मांडणीवरचा शेवटचा गिलास

मालकांचा थोरला मुलगा आज घरी आला. बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "बाई, अप्पांना जाऊन वर्ष होत आलं. पुण्यस्मरणाचा फ्लेक्स लावायचाय चौकात. तुम्ही मराठीच्या. चार ओळी भारदस्त लिहून द्या."

मी म्हटलं, लिहिते की.

"फक्त ते बार, परमिट रूम असलं काही येऊ देऊ नका. हॉटेल व्यावसायिक लिहा. समाजसेवक लिहा. लेकरांची सोयरीक जुळवायची हाय आता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माडीत हा राहतो ती दारूवर उभी राहिली. शाळेची फी, बायकोच्या बांगड्या, दारातली गाडी सगळं त्या शटरच्या आतून आलं. तिथं राहायला लाज नाही आणि लिहायला लाज. मी त्याला सांगितलं, उद्या ये. उद्या येईल तेव्हा त्याला हे सगळं वाचून दाखवणार आहे. चार ओळींत मावत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आमचं घर नांदेडात जुन्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत, मालकांच्या बारच्या अगदी समोर; खाली बार, वर त्यांची राहायची माडी. मी लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर घर माझ्याकडंच राहिलं. म्हणजे जन्मापासून निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतरही मी सकाळी दार उघडलं की समोर तेच शटर. मालकांना मी जेवढं पाहिलं तेवढं त्यांच्या मुलांनीही पाहिलेलं नाही.

लिंगायत घराणं. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, खांद्यावर पंचा. सकाळी दोन तास पूजा. ती आटोपल्याशिवाय शटर वर जायचं नाही, मग बाहेर गिऱ्हाईक उन्हात ताटकळो की भोवळ येऊन पडो. बाराला उघडायचं, आठला बंद. सोमवारी बंद. श्रावण पूर्ण बंद. आत अंडंसुद्धा चालायचं नाही. खायला काय, तर मुरमुऱ्याची सुशीला, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि ज्वारीची भाकरी. पहिल्यांदा आलेला माणूस विचारायचा, "मालक, चिकन न्हाई का?" मालक म्हणायचे, "हाय की. पलीकडच्या गल्लीत हाय. तिकडंच ऱ्हा."

दारूचा थेंब त्यांनी आयुष्यात जिभेला लावला नाही. एवढंच नाही, बाटलीला हातही लावला नाही. क्वचित उचलायची वेळ आलीच तर खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळून उचलायचे. हाताला लागली नाही म्हणजे पाप लागलं नाही, असा हिशोब. मला लहानपणी याचं फार कौतुक वाटायचं. आता तो पंचा आठवला तरी राग येतो, पण त्याबद्दल पुढं.

हा धंदा त्यांच्या आज्ज्यानं आणला. आज्जा उदगीरकडचा, डाळीचा व्यापारी. निजामाच्या काळात शिंदी विकण्याचा ठेका निघायचा, त्याला गुत्ता म्हणत. डाळीत मार खाल्ल्यावर आज्ज्यानं नांदेडचा गुत्ता धरला आणि इथं शिंदीखाना घातला. लिंगायताच्या घरात शिंदी! त्यांच्या गावच्या मठातल्या स्वामींनी या घरात पाय ठेवायचं बंद केलं. तेव्हापासून घराण्यात एक नियम पडला की विकायची, पण शिवायची नाही. आज्ज्यानं पाळला, बापानं पाळला, मालकांनी तर पंच्यासकट पाळला.

त्या शिंदीखान्यात बाहेर भिंतीला खुंट्या होत्या. एकेका जातीची भांडी एकेका खुंटीला. कुणाचं पितळी, कुणाचं मातीचं, आणि काहींना भांडंच नाही, त्यांच्या ओंजळीत वरून ओतायचे. मालकांच्या हातात दुकान आलं, शिंदीखान्याची परमिट रूम झाली, तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्या खुंट्या उपटल्या. स्वतः पहार घेऊन. मग मोंढ्यातल्या भांड्याच्या दुकानातून एकसारखे स्टीलचे गिलास आणले आणि नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव त्याच्या गिलासावर घालून घेतलं. आपण लग्नाच्या भांड्यांवर घालतो ना, मशिननं टुरटुर करत, तसं. पण नुसतं नाव. आडनाव नाही.

"आडनाव चपलांसंगं बाहीर ठेवायचं," असं ते म्हणायचे.

एका नावाचे दोघं निघाले की पंचाईत. मग एका गिलासावर 'दत्ता नायगाव', दुसऱ्यावर 'दत्ता हिमायतनगर', तिसऱ्यावर 'दत्ता उंच'. हा दत्ता उंच चांगला साडेपाच फुटाचा होता, पण बाकीचे दोन दत्ते त्याहून बुटके. सगळे गिलास गल्ल्यामागं एका मांडणीत उपडे घातलेले असायचे. स्वयंपाकघरात असते तशी स्टीलची मांडणी. बार कसला, कुणाच्या तरी घरचं स्वयंपाकघर वाटायचं ते.

इथपर्यंत फ्लेक्सवाल्यांना चालेल. समाजसेवक म्हणतात ते यालाच, आणि पुढच्या गोष्टीलाही.

बारच्या मागं एक दार होतं, मोरीजवळ. ते मागच्या बोळात उघडायचं. दुपारी दोन ते तीन मालक तिथं पाट टाकून बसायचे आणि त्या तासात बोळात बाया यायच्या. पिणाऱ्यांच्या बायका. डोक्यावर पदर, हातात पिशवी, जणू भाजीला निघाल्यात. मालक प्रत्येकीला तीनच गोष्टी विचारायचे.

"मारतो का? कामाला जातो का? लेकरं भेतेत का त्याला?"

उत्तरं ऐकून ते उठायचे, मांडणीतून तिच्या नवऱ्याचा गिलास काढायचे, पंच्यानं पुसायचे आणि तिच्या हातात द्यायचे. "घेऊन जा, माय. घरी पाणी पाज यातनं." संपलं. दुसऱ्या दिवशी तो गडी आला की मांडणीत त्याची जागा मोकळी. मालक मान वर न करता सांगायचे, "गिलास घरी गेला तुझा. घरी जाऊन पी." ज्याचा गिलास घरी गेला त्याला तिथं पुन्हा थेंब मिळत नसे. आमच्या भागात ते एक बोलणंच झालं होतं. एखादा सुधारला की लोक म्हणायचे, त्याचा गिलास घरी गेला.

काही जण दुसऱ्या बारला जायचेच. सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही, मी काही फ्लेक्स लिहीत नाही. पण माझे वडील सुधारले.

वडील मोंढ्यात तोलार होते, दिवसभर धान्याची पोती काट्यावर चढवायची. मी नऊ वर्षांची असताना आई मला घेऊन त्या मागच्या दारात गेली. मालकांनी पहिलं विचारलं, आईनं मान हलवली. दुसरं विचारलं, पुन्हा मान. तिसरं विचारलं तेव्हा आई नुसती उभीच. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी पलंगाखाली झोपते."

मालक ताडकन उठले. गिलास आणून देताना ते तो पुसायचं विसरून गेले, ते मला पक्कं आठवतं. आईनं तो पदराखाली धरून घरी आणला आणि रात्रीच्या ताटाजवळ पाणी भरून ठेवला. वडिलांनी आपलं नाव वाचलं. आठ दिवस ते नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले, त्या गिलासाला हात लावला नाही. नवव्या दिवशी लावला. दुसऱ्या बारला का गेला नाहीत, असं मी मोठी झाल्यावर एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "तिथं काचेचा देतेत. कुणीबी तोंड लावलेला. त्याच्यावर कुठं नाव असतंय आपलं?"

मी शिकले, मास्तरीण झाले, ती त्या गिलासामुळं. मालकांचे उपकार मी कधी नाकारले नाहीत. म्हणून तर राग जात नाही. परक्या माणसावर कोण एवढी वर्षं रागावून बसतं?

मालकांना दोन मुलं. थोरला तो वर सांगितला तो. धाकटा बसवराज. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि कॉलेजात असतानाच पिणारा. मालकांना कळलं तेव्हा त्यांनी काय करावं? कान उपटावेत, लातूरला मामाकडं धाडावं, काहीही करावं. त्यांनी त्याच्या नावाचा गिलास करून आणला आणि मांडणीत ठेवला. "भाईर कुठं बी पिऊन नालीत पडण्यापेक्षा माझ्या डोळ्यासमोर पील. माझ्या हिशोबात ऱ्हाईल." आयुष्यभर दारूला न शिवलेला माणूस! त्याला वाटलं दारू हिशोबात राहते. दुसऱ्यांच्या घरातलं सगळं कळायचं त्यांना, आपल्या घरातलं तेवढं कळायचं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग बसवराजचं लग्न केलं. लग्न केलं की सुधारतो, हा आपल्याकडचा आणखी एक रामबाण उपाय. लातूरची मुलगी आणली. गिरिजा. बापाचं किराणा दुकान, घरात सुपारीचंही व्यसन नाही. तिला सांगितलं होतं, मुलगा हॉटेल लाइनमध्ये आहे. म्हणजे हा 'हॉटेल व्यावसायिक' शब्द काही आजचा नाही.

गिरिजा दुपारची माझ्याकडं यायची, शिलाई मशिन वापरायला. पोटुशी होती. बाळाच्या झबल्यांना टिपा मारता मारता एक दिवस तिनं बाही वर केली आणि दंड दाखवला. निळा पडला होता.

"बाई, अप्पांना सांगू का?"

तिला सल्ला मी दिला. हे मी लपवणार नाही. मी म्हटलं, "सून म्हणून जिना उतरून सांगायला जाऊ नकोस. सून म्हणून गेलीस तर सासू मधे पडेल. गल्लीतनं वळसा घाल, मागच्या दाराला जा. तिथं आलेल्या बाईला त्यांनी आजवर रिकाम्या हातानं पाठवलेलं नाही." मला स्वतःच्या आईइतकी खात्री होती त्या दाराची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोक्यावर पदर घेऊन पुढच्या दारानं निघाली, चौकातून फिरून मागच्या बोळात आली आणि स्वतःच्याच घराच्या मागच्या दारात रांगेला उभी राहिली. मी सोबत होते. पुढं एक बाई, मागं एक बाई. पुढचीचं झालं. गिरिजा दारात आली.

मालकांनी वर पाहिलं. मी त्यांचा चेहरा एवढ्या वर्षांत असा पाहिला नव्हता. अगदी कोरा.

"तू हितं काय करून राहिलीस? वर जा."

"मागच्या दारात आले, अप्पा," गिरिजा म्हणाली. "तीन गोष्टी इचारा की मला."

"वर जा म्हणलं न्हवं? घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे."

"मारतेत. कामाला जात न्हाईत. लेकरू अजून पोटात हाय, ते भेतंय का न्हाई मला कसं कळावं?" न विचारताच तिनं तिन्ही उत्तरं दिली. "त्यांचा गिलास द्या मला."

मांडणी तिथून दिसत होती. बसवराजचा गिलास दुसऱ्या ओळीत, कडेला. मालक उठले असते, चार पावलं गेले असते, हात लांब केला असता तर झालं असतं. मी म्हटलं, "मालक, द्या." ते माझ्याकडं बघेनात. आणि मग त्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी गिरिजाच्या खांद्यावरून मागच्या बाईला हाक मारली. "तू ये, माय. मारतो का?" तिची तिन्ही उत्तरं नीट ऐकली. उठले, तिच्या नवऱ्याचा गिलास काढला, पंच्यानं चांगला लखलखीत पुसला आणि गिरिजाच्या डोळ्यांदेखत तिच्या हातात दिला. मग दार लावून घेतलं.

ती बाई गिलास घेऊन तिथंच उभी. तिला जाववेना. शेवटी गिरिजाच तिला म्हणाली, "जा अक्का, तुमचं काम झालं."

का दिला नाही? मी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. उत्तर साधं आहे. मालकाच्याच मुलाचा गिलास घरी गेला, हे गावाला कळलं असतं. सगळ्या मोंढ्याची घरं सांभाळणाऱ्याच्या माडीवरच हे चाललंय, असं लोक बोलले असते. इज्जत. एका पोरीच्या दंडापेक्षा, पोटातल्या लेकरापेक्षा त्यांना ती जड झाली.

दोन वर्षांत बसवराज गेला. लिव्हर. मुलगी तेव्हा दीड वर्षाची. समाधी देऊन परत आल्यावर मालक माझ्या ओट्यासमोरून गेले, मी दार लावलं. गिरिजा लेकीला घेऊन लातूरला गेली आणि तिथं शिकायला आलेल्या पोरांची मेस चालवू लागली. त्यानंतर मागच्या दारात एकही बाई आली नाही. बातमी पसरलीच होती. लपवण्यासाठी एवढं केलं आणि ती पसरायची राहिली नाहीच. मालक मात्र दुपारी दोन ते तीन पाट टाकून बसायचे. रिकाम्या बोळाकडं तोंड करून. बघ म्हणावं, बस आता. माझ्या खिडकीतून तो बोळ दिसत नाही, तरी मी मुद्दाम वळसा घालून बघून यायचे. एवढी मी वाईट आहे.

पुढं थोरल्यानं बार बंद केला. परमिट दुसऱ्याला दिलं, तिथं आता मुलांची अभ्यासिका आहे. बंद होताना भंगारवाला आला होता, मांडणी आणि गिलास न्यायला. मालकांनी मांडणी नेऊ दिली, गिलास नेऊ दिले नाहीत. पिशवीत भरले आणि ज्याचा त्याचा गिलास ज्याच्या त्याच्या घरी पोचता करत सुटले. ऐंशीच्या पुढचा माणूस. आधी गल्लीतले, मग ऑटोनं लांबचे, मग एसटीनं नायगाव, हिमायतनगर. दत्ता उंच वारला होता, तर त्याच्या सुनेला देऊन आले. लोकांना त्याचं केवढं अप्रूप! काय हो मालक, काय हो थोरपण. मला विचाराल तर मला त्याचीही चीड आली. सगळ्या गावाचे गिलास घरी पोचवणारा हा माणूस.

शेवटी एक उरला. तो घेऊन ते माझ्याकडं आले. पंधरा-सोळा वर्षांनी त्यांनी माझी पायरी चढली.

"बाई, येवढा लातूरला तुम्ही द्या. तुमचं ऐकती ती."

मी काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. मास्तरणीच्या तोंडी शोभणारं नव्हतं. शेवटचं एवढंच म्हटलं, "चार पावलं टाकायची होती तेव्हा टाकली नाहीत. आता जावा लातूरपर्यंत. तुमचे पाय हाईत की."

गेले. खरंच गेले, एकटे, एसटीनं. पुढचं मला गिरिजानं फोनवर सांगितलं. मेसच्या पुढच्या दारानं आले नाहीत. मागं भांडी घासायच्या जागेजवळ येऊन उभे राहिले, हातात गिलास घेऊन. बराच वेळ. ती पोळ्या लाटत होती.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हणले, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या, अप्पा. जेवायला वाढलं. जेवले. गेले."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाही मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर माझ्या ओट्यावर तो गिलास उपडा ठेवलेला. समोरची माडी बंद. मी तो उचलून आत आणला, कारण उन्हात कुठं ठेवणार? वडिलांच्या गिलासाशेजारी माझ्या मांडणीत ठेवला. वडिलांच्या गिलासानं मी रोज पाणी पिते. त्या दुसऱ्याला कधी हात लावला नाही. मालक त्यानंतर सहा महिन्यांनी गेले. मी समाधीला गेले नाही.

आता एवढंच राहिलं. मागच्या आठवड्यात गिरिजाची लेक आली होती. अठरावं सरलंय. कॉलेजच्या प्रवेशाला वडिलांच्या मृत्यूचा दाखला लागतो, त्याची नक्कल काढायला नांदेडला आली आणि काम झाल्यावर माझ्याकडं जेवायला. बापाचाच चेहरा, गोड बोलणंही त्याचंच. हात धुऊन स्वयंपाकघरात आली, पाणी घ्यायला मांडणीतून समोर दिसला तो गिलास घेतला आणि थबकली.

"मावशी, ह्याच्यावर तर बाबांचं नाव हाय."

मी म्हटलं, हाय.

"बाबांचा हाय?"

"हाय."

तिनं त्यात पाणी ओतलं. प्यायली. रिकामा करून पुन्हा नाव वाचलं, अंगठा फिरवला त्या अक्षरांवर. पिशवीत दाखल्याची नक्कल होती, तिच्यावरही तेच नाव होतं. दुसरं तिच्याकडं बापाचं काही नाही, हे मला माहीत आहे.

"मावशी, हा मी नेऊ का घरी?"

तिच्या आईनं नाकारलेला तो. तिला विचारायला हवं होतं, फोन करायला हवा होता, हे सगळं माझ्या मनात आलं. पण पोरगी समोर उभी होती, दोन्ही हातांत गिलास धरून, आणि मागत होती.

"ने," मी म्हटलं.

तिनं ओढणीनं पुसला आणि पिशवीत ठेवला. एका श्वासाइतकाही वेळ लागला नसेल मला. लिही म्हणावं आता फ्लेक्सवर. एवढंच करायचं होतं, मालक. दुसरं काही नव्हतं हो. एवढंच.